तुळजापूरचा घाट चढलात की गाडी थांबवा : बालाघाटातले वाटेवरचे थांबे

माळावरचा वारा

मंडळी,

सोलापुरात डोंगर म्हटलं की लोक महाबळेश्वरचं नाव काढतात, फार तर आंबोलीचं. अख्खा दिवस गाडीत काढायचा, तिथल्या गर्दीत भर घालायची आणि दमून परतायचं. बालाघाट मात्र आपल्या वेशीवर उभा आहे. रूपाभवानीच्या देवळावरून उत्तरेला निघालं की तामलवाडीपर्यंत सगळा माळ, आणि मग समोर डोंगराची कड दिसायला लागते. तुळजापूर त्या कडेच्या माथ्यावर वसलेलं आहे. हा रस्ता आपल्यापैकी प्रत्येकाने तुडवलेला, कित्येकांनी तर अनवाणी. पण दर्शन झालं की गाडी माघारी वळते, नाहीतर सरळ बीड-संभाजीनगरच्या दिशेला सुसाट सुटते.

चौपदरी रस्ता झाला, वेळ वाचला, ते चांगलंच झालं. पण त्या रस्त्याने गावं बाजूला टाकली. एसटी फाट्याफाट्यावर थांबायची तेव्हा डोंगर आपोआप कळायचा. कुठे कसली फळं विकायला येतात, कुठे कोणत्या देवाची जत्रा भरते, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, हे खिडकीतून कळायचं. आता मुद्दाम उतरल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला माहीत असलेले थांबे इथे लिहा.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून आधी थोडा भूगोल सांगतो. सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाच्या बाजूने एक रांग आग्नेयेला निघते. अहिल्यानगर, बीड करत ती धाराशिवपर्यंत येते, तीच आपली बालाघाट. सुळके, कडे यांची ही रांग नाही. वर पठार आणि कडेला उतार. पण पाण्याची वाटणी हीच करते. रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतो, दक्षिणेला पडलेला बोरी, भोगावती, सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. एकाच पठारावरचं पाणी दोन मोठ्या नद्यांना जातं, आणि आपण त्या कण्यावरून ताशी शंभरच्या वेगाने निघून जातो!

पहिला थांबा म्हणून घाटशीळ सांगतो. तुळजापूरच्या घाटातच आहे. सीतेला शोधत निघालेल्या रामाला देवीने या शिळेवर उभं राहून वाट दाखवली, म्हणून ती रामवरदायिनी, अशी कथा आहे. देऊळ लहान आहे, मोठ्या देवळातल्या रांगेची दगदग इथे नसते. ऐन दुपारी जाऊ नका. दिवस कलताना जा. पाऊस होऊन हवा धुऊन निघाली असेल तर दक्षिणेला आपला सगळा माळ दूरवर दिसतो आणि आपण केवढी उंची चढून आलो ते तेव्हा कळतं. तुळजापूर सोलापूरपेक्षा दीड-दोनशे मीटर तरी उंच आहे.

पुढे धाराशिव ओलांडलं की येडशीचं रामलिंग. मग येरमाळ्याची येडेश्वरी. लोक तिला तुळजाभवानीची बहीण मानतात. चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात, लाखांनी माणूस जमतो. जत्रेखेरीज गेलात तर टेकडीवर वारा आणि शांतता दोन्ही मिळेल. त्यापुढे तेरखेडा, फटाक्यांचं गाव. दिवाळीच्या आधी रस्त्याला दुकानं लागलेली असतात. याच तेरखेड्याजवळ तेरणा उगम पावते, हे फटाके घेणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. आणि मग सरमकुंडी फाटा, तिथला पेढा.

तुम्ही कुठे थांबता?

अंबिका

सर, फार छान विषय काढलात. आम्ही दर नवरात्रात तुळजापूरला जातो, पण घाटशीळला कधीच उतरलो नाही.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना फिरायची भारी आवड. सोबत दोन लहान मुलं. यातल्या कुठल्या ठिकाणी पायऱ्या कमी आहेत? आणि कोणत्या महिन्यात जावं? उन्हाळ्यात तर बघायलाच नको.

येडशीकर

धाग्यात गावाचं नाव बघून बरं वाटलं. रामलिंगबद्दल मी लिहितो.

हायवेवरून येडशीजवळ आत वळलं की सगळं बदलतं. दोन्ही बाजूंना झाडी, आणि रस्ता खाली उतरत जातो. डोंगरात जाताना चढावं लागतं असं आपण धरून चालतो, रामलिंगला उलट आहे. देऊळ खाली दरीत आहे, पठाराच्या पोटात. देवळाला लागून ओढा वाहतो आणि पावसाळ्यात जवळच धबधबा पडतो. जटायूची कथा इथलीच मानतात. रावणाशी लढून जखमी झालेल्या जटायूला पाणी पाजायला रामाने बाण मारून झरा काढला, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. श्रावणी सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी फक्त दर्शनाला या. डोंगर बघायचा असेल तर श्रावण सरल्यावर, मधल्या वारी.

अंबिकाताई, देवळाकडे उतरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे सासूबाईंना येताना त्रास होईल. पण वर झाडीत बसायला जागा आहे. त्यांना तिथं बसवून तुम्ही आळीपाळीने खाली जाऊन या. आणि माकडं! पिशवी हातात उघडी धरू नका, मुलांच्या हातात खाऊ देऊ नका. माकडांना खायला घालणं हे पुण्य समजून लोक बिस्किटाचे पुडे फोडतात, त्याने ती जंगलात चरायची सोडून गाड्यांवर येतात. हात जोडून सांगतो, घालू नका.

हे सगळं येडशी रामलिंगघाट अभयारण्य आहे, क्षेत्र साधारण २२ चौरस किलोमीटर. एवढुशा जंगलात २०२४ च्या डिसेंबरात कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला नर, शेकडो किलोमीटर शेतातून, रस्ते-रेल्वे ओलांडत आमच्या डोंगरात पोचला. पुढे बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हापासून गावातली म्हातारी माणसंसुद्धा या जंगलाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. जंगल राखलं नसतं तर तो इथे थांबलाच नसता.

रेल्वेचं कुणाला वेड असेल तर त्यांच्यासाठी. बार्शी लाइट रेल्वे आमच्या येडशीवरूनच लातूरला जायची. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आताची कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली. रुळांची रुंदी अडीच फूट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ती आखली होती. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून धाराशिव शहर रेल्वेवर आणलं, आणि डोंगरातली जुनी वाट काही ठिकाणी सुटली. आमच्या वडिलांच्या पिढीला त्या गाडीचा आवाज पाठ होता.

अशोक चौक

सर, नळदुर्ग राहिला की!

तुम्ही उत्तरेचा रस्ता धरला, आम्ही पूर्वेचा धरतो. हैदराबाद रोडला बोरामणी, इटकळ करत पन्नास किलोमीटरच्या आत नळदुर्ग. आमच्या आजोबांपासून घरात यंत्रमाग, सुट्टी म्हणजे एकच वार. त्यामुळं एका दिवसात जाऊन येता येईल असंच ठिकाण आम्हाला चालतं, आणि नळदुर्गसारखं दुसरं नाही.

किल्ला बघायला गेलं की लोक बुरूज बघतात आणि फोटो काढून येतात. नळदुर्गात आधी नदी बघा. बोरी नदी किल्ल्याच्या खडकाला वळसा घालून जाते. एका बाजूला मोठा किल्ला, पलीकडं रणमंडळ. दोघांच्या मधे नदीत काळ्या दगडाची उंच भिंत घातलीय, आणि त्या भिंतीच्या पोटात महाल बांधलाय. पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं काम. नदी भरली की पाणी भिंतीच्या वरून दोन ठिकाणी खाली कोसळतं, त्यातला एक नर आणि एक मादी. आणि तुम्ही भिंतीच्या आत खिडकीत उभे, तुमच्या डोळ्यांसमोरून पाणी पडतंय, अंगावर तुषार येतायत, पण महाल कोरडा. चारशे वर्षं त्या भिंतीवरून पूर जातायत. ज्यांनी ते दगड घडवले, त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. मला तिथं गेलं की पहिलं तेच आठवतं.

उपळ्या बुरुजावर चढून जावा. लांबलचक तोफा आहेत वर, आणि चहूकडं मुलूख दिसतो. तुमच्या सासूबाईंना मात्र बुरूज नको, ताई. किल्ल्यात चालायचं भरपूर आहे, पण सपाट. बसत बसत पाणी महालाच्या वरपर्यंत येतील. आत उतरायच्या पायऱ्या अरुंद आहेत आणि पावसाळ्यात निसरड्या, तिकडं नेऊ नका.

घरून कडक भाकरी, शेंगा चटणी, दही घ्या. झाडाखाली बसून खावा.

डोंगरवेडी

सगळ्यांचं वाचते आहे. माझा थोडा विरोध आहे, तो मांडते.

मी सह्याद्रीत खूप फिरले आहे आणि बालाघाटातही. सह्याद्रीतल्या धबधब्यांची नावं इंटरनेटवर आली आणि त्यांचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. रामलिंगच्या ओढ्यात आताच थर्माकोलच्या प्लेटा अडकलेल्या दिसतात. २२ चौरस किलोमीटरचं जंगल म्हणजे किती? त्यात वाघ येऊन गेला, कोल्हे, मोर, घोरपडी आहेत. आपण इथे पत्ता, वळण, कोणत्या वारी गर्दी कमी असते, सगळं लिहून देतो आहोत. मधल्या वारी या असं सांगितलं की जंगलाला मिळणारा तेवढा निवांतपणाही जाणार. किल्ल्यांना, देवळांना गर्दी सोसते. जंगलाला सोसत नाही. नळदुर्ग, तुळजापूर, तेर यांच्यावर पोटभर लिहू या, पण अभयारण्याचा गाजावाजा नको असं मला मनापासून वाटतं.

येडशीकर

ताई, तुमची कळकळ पटते. पण रामलिंगला माणूस आधीपासून येतोच आहे. श्रावणात येणाऱ्या हजारोंपैकी कुणीही धागा वाचून येत नाही. देवळाबाहेर नारळ-फुलं, चहा, भजी विकून गावातली कितीतरी घरं चालतात. माणसं येणं थांबलं तर तीच घरं उद्या लाकडाला डोंगरात जातील. माझं म्हणणं एवढंच, जो वाचतो तो निदान कचरा परत नेणारा येऊ दे. आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडणारा.

थर्माकोलचं तुमचं अगदी खरं आहे. आम्ही गावातली पोरं पावसाळ्याच्या शेवटी ओढा साफ करतो, पोत्यांनी निघतं.

माळावरचा वारा

डोंगरवेडी, तुम्ही हे लिहिलंत याचा मला आनंद आहे. तुमच्या एका मुद्द्याला मी पूर्ण मान देतो. अभयारण्याच्या आतल्या पायवाटा, पाणवठे, प्राणी कुठे दिसतात, यातलं काहीही या धाग्यात कुणी लिहू नये. देवळापर्यंतचा रस्ता सगळ्यांचा आहे, त्यापलीकडचं जंगल त्याचं त्याला राहू द्यावं. येडशीकर, चालेल ना?

पण लोकांना डोंगर दाखवायचाच नाही, हे मला पटत नाही. या भागात खडीच्या खाणी डोंगर पोखरतात तेव्हा त्याविरुद्ध कोण बोलणार? ज्याने तो डोंगर कधी पाहिलाच नाही तो? माझ्या वर्गातली मुलं नकाशावर बालाघाट रंगवायची, तपकिरी खडूने. तोच डोंगर शाळेच्या गच्चीवरून दिसत नाही म्हणून त्यांना तो परक्या जिल्ह्यातला वाटायचा. तुळजापूरला सहल नेली आणि घाटात उतरवून दगड हातात दिला, की तीच मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडायची. दगड काळा का? थर कसे झाले? हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, एकावर एक, दख्खनचं सगळं पठारच त्यांचं. दोन थरांच्या मधे कुठेकुठे तांबडी पट्टी दिसते. एक थर थंड झाला, त्याची झीज होऊन माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, त्या मधल्या काळाची ती खूण. रस्ता रुंद करताना डोंगर कापतात, तिथे असे थर उघडे पडतात. गाडी नीट बाजूला लावण्याजोगी जागा असेल तर उतरून मुलांना दाखवा. वळणावर मात्र कधीही थांबू नका.

अंबिकाताई, महिन्याचं. भाद्रपद उतरता ते कार्तिक हा काळ धरा. पाऊस झालेला असतो, हिरवं असतं आणि ऊन सोसवतं. सीताफळंही त्याच दिवसांत. बालाघाटाच्या उतारावर ती आपोआप वाढतात, ना पाणी ना खत. बाया टोपल्या घेऊन रस्त्याला बसतात. डोळे मोठे झालेलं आणि डोळ्यांमधली रेघ पिवळसर पडलेलं फळ घ्या, दोन दिवसांत पिकतं. घासाघीस करू नका, ती माउली पहाटे डोंगर चढून आलेली असते.

एक गोष्ट दर्शनाला जाणाऱ्यांसाठी. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी भाद्रपद वद्यात घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. त्या दिवसांत जाल तर सिंहासनावर मूर्ती नसते. कित्येक जण दुरून येऊन गोंधळतात.

अंबिका

हे आम्हाला घरात माहीत होतं, पण तिन्ही निद्रांची नावं आज कळली. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी पलंग तुळजापूरला जायचा तेव्हा रात्रभर जागायचे." आणि त्यांनी नळदुर्गच निवडलं आहे! खंडोबा आहे ना तिथे, म्हणाल्या.

अशोक चौक

आहे की! मी लिहायचंच विसरलो. त्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. नळदुर्गच्या जवळच अणदूर. देव एकच, देवळं दोन. वर्षातला बहुतेक काळ खंडोबाची मूर्ती अणदूरला असते. मार्गशीर्षात ती नळदुर्गजवळच्या मैलारपूरला येते आणि पौष पौर्णिमेची मोठी जत्रा तिथं भरते. मग देव परत अणदूरला. नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात, कुणाकडं देव किती दिवस राहील याचा. पिढ्यान् पिढ्या चाललंय. पौष पौर्णिमेला आजींना घेऊन जावा, भंडाऱ्याने सगळा माळ पिवळा होतो.

फक्त त्या वेळी नर-मादी बघायला मिळणार नाहीत. ते धरणावर असतं. नळदुर्गच्या वर बोरी धरण आहे, ते भरून सांडलं की मगच धबधबे सुरू होतात. सोलापुरात दोन दिवस पाऊस झाला म्हणून निघू नका. पेपरात 'बोरी धरण ओव्हरफ्लो' अशी बातमी आली की निघायचं. बऱ्याचदा भाद्रपद-आश्विनात येते. काही वर्षी येतच नाही.

माळावरचा वारा

नळदुर्गाबद्दल आणखी थोडं. एके काळी ते जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८५३ ला निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा मेडोज टेलर तिथे अधिकारी म्हणून आला, आणि आपल्या आठवणींत त्याने नळदुर्गाबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढे जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला गेलं आणि नळदुर्ग मागे पडलं.

आणि अशोक चौक, तुमचा पूर्वेचा रस्ता आणि माझा उत्तरेचा रस्ता एका त्रिकोणात बसतो. सोलापूर, तुळजापूर, तिथून नळदुर्ग, आणि हैदराबाद रोडने परत. पहाटे निघालं तर सकाळी देवी, दुपारी किल्ला, दिवे लागायच्या सुमारास घरी.

विटांचं देऊळ

डोंगराच्या कुशीतल्या आणि डोंगराच्या पायथ्याच्या दोन जागा माझ्याकडून.

धाराशिवची लेणी. शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या एका घळीत. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची. मोठ्या लेण्यात पार्श्वनाथाची बसलेली भव्य मूर्ती आहे, डोक्यावर नागाचा फणा. करकंड राजाची कथा या लेण्यांशी जोडलेली आहे, जैन परंपरेत ती फार प्रसिद्ध. इथे वेरूळसारखी सोय नाही, पाटी नाही, माहिती सांगणारा नाही. विजेरी आणि प्यायचं पाणी घेऊन जा. दगड ठिसूळ आहे, खांबांना हात लावून टेकू नका. एवढी जुनी लेणी असलेला जिल्हा आपल्या शेजारी आहे आणि सोलापुरातल्या शाळांच्या सहली तिथे जात नाहीत, याचं मला दुःख होतं.

आणि तेर. धाराशिवपासून जवळच, तेरणेच्या काठी. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथला माल बैलगाड्यांनी भडोचला आणि तिथून जहाजांनी रोमकडे जायचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावात आहे. तिथली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती शोधून बघा, पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागची बाजू अर्धगोल, बौद्ध चैत्यगृहासारखी. आणि गोरोबाकाकांचं गाव म्हणून तर वारकऱ्यांना तेर सांगायला नको. मडकी घडवणाऱ्या संताच्या गावात जमीन खणली की दोन हजार वर्षांपूर्वीची मडकी निघतात!

कार्तिक

कपिलधारला अजून कुणी आलं नाही, म्हणून लिहितो.

बीडच्या अलीकडे मांजरसुंबा, तिथून जवळ. सोलापूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मन्मथ स्वामी या वीरशैव संतांची संजीवन समाधी. कार्तिक पौर्णिमेला सोलापूर, लातूर, नांदेड, कर्नाटक अशा सगळीकडून दिंड्या येतात. आमच्या घरातली माणसं दिंडीत चालत जातात. वाटेत गावागावांत मुक्काम, जेवण गावकरी घालतात, जात-पंथ कुणी विचारत नाही. समाधीच्या जवळच डोंगरावरून धार पडते. कार्तिकापर्यंत ती बारीक झालेली असते, पण असते. धारेखाली उभं राहायचं, मग समाधीला जायचं. ज्यांना फक्त धबधबा बघायचा आहे त्यांनी श्रावण-भाद्रपदात जावं. चप्पल काढून खडकावर चालावं लागतं, शेवाळ फार असतं. वयस्क माणसांना हाताला धरून न्या.

डोंगरवेडी

विटांचं देऊळ, तेरबद्दल खूप सुंदर लिहिलंत. मी संग्रहालयात अर्धा दिवस घालवला होता, तिथलं एकेक खेळणं, मणी, शंखाच्या बांगड्या बघताना वेळ कळत नाही.

सर, पायवाटा लिहायच्या नाहीत ही अट मान्य. येडशीकर, ओढा साफ करायला निघाल तेव्हा इथे तारीख टाका. सोलापुरातून आम्ही काही जणी येऊ, हातमोजे आणि पोती आमची.

येडशीकर

नक्की टाकतो, ताई. जेवण आमच्याकडं.

कुंथल

सरमकुंडीच्या पेढ्याचा नुसता उल्लेख करून सर पुढे गेले, म्हणून राहवलं नाही. आम्ही भूम तालुक्यातले.

आमच्याकडे डोंगराळ जमीन, शेती पावसावर, त्यामुळे घरोघरी जनावरं. दूध लांबच्या बाजारात पोचेपर्यंत नासायचं, म्हणून खव्याच्या भट्ट्या पेटल्या. गावोगाव चुलाण, त्यावर मोठ्या कढया. त्याच खव्याचा हा पेढा, चांगला खरपूस भाजलेला, तपकिरी रंगाचा. पांढरा पेढा मागू नका. सकाळी ताजा मिळतो. त्याला कुंथलगिरीचा पेढा म्हणतात, कारण फाट्यावरून आत गेलं की कुंथलगिरी. जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण आणि देशभूषण मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच सल्लेखना घेतली, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवला. टेकडीवर पांढरीशुभ्र मंदिरं, स्वच्छता इतकी की पाय ठेवताना आपणच जपून ठेवतो. पेढा घेऊन फाट्यावरूनच परतू नका, आत या. चढताना चामड्याच्या वस्तू नकोत आणि जैनांच्या ठिकाणी बाहेरचं खाणं नेऊ नका.

वैराग

परतीचा रस्ता बदला असं सुचवतो. येडशीवरून आलात तसेच तुळजापूरमार्गे येऊ नका. पांगरी, कुसळंब करत बार्शीला उतरा. बार्शीत भगवंताचं दर्शन घ्या. मग आमचं वैराग, वडाळा, नान्नज, सोलापूर. डोंगर कसा हळूहळू विरत जातो आणि भोगावतीकाठची काळी रानं कशी सुरू होतात ते या वाटेने दिसतं. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण काळविटांचे कळप संध्याकाळी माळावर असतात. रस्ता अरुंद आहे, ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरपूर, मागे दिवे नसतात. अंधार करू नका.

अंबिका

आमचं ठरलं. कोजागिरीच्या आदल्या शनिवारी तुळजापूर, घाटशीळ आणि तिथून नळदुर्ग, सरांचा त्रिकोण. चालेल का?

अशोक चौक

ताई, तो शनिवार नको! कोजागिरीला सोलापुरातून लाखो माणूस पायी तुळजापूरला निघतं. रूपाभवानीपासून घाटापर्यंत रस्ता माणसांनी भरलेला असतो, गाड्या दुसरीकडून वळवतात. त्या दिवशी जायचं तर चालतच जावा, नाहीतर रस्त्याकडेला उभं राहून चालणाऱ्यांना चहा-पाणी द्या, आमच्या भागातली मंडळं दरवर्षी देतात.

तुम्ही पौर्णिमा होऊन गेल्यावरचा शनिवार धरा. देवी सिंहासनावर आलेली असेल, सीताफळं पिकलेली असतील, आणि धरण भरलेलं असलं तर नर-मादीही. त्रिकोण उलटा करा मात्र. आधी नळदुर्ग सकाळच्या गारव्यात, कारण किल्ल्यात सावली कमी. मग तुळजापूर, आणि घाटशीळ दिवस कलताना, सरांनी सांगितलं तसं. आजींसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका.

अंबिका

खुर्ची घेतली. कडक भाकरी सासूबाई स्वतः करणार आहेत. अण्णा, पाणी महालाकडे जायला गाडी किल्ल्याच्या दारापर्यंत जाते ना?

अशोक चौक

दारापर्यंत जाते. पुढं चालत, हळूहळू.